मालवणला गळाच्या मासेमारीसाठी जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण आणि त्याच्या आसपासची तारकर्ली, देवबाग, तोंडवळी, आचरा ही गावे रॉड-रीळ घेऊन येणाऱ्या हौशी मासेमारांमध्ये आता चांगलीच परिचित झाली आहेत. कोकणात गळाने मासे धरण्याला ‘गरवणे’ म्हणतात आणि हा उद्योग येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. बाहेरून येणाऱ्या पर्यटकांसाठी त्याची बेतशीर आखणी करणे मात्र तुलनेने नवे आहे. अशा सहलीची आखणी करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

कोणत्या महिन्यात यावे?

ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते मार्च हा काळ सर्वांत भरवशाचा समजावा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. मालवणमधील प्रवासी होड्या आणि जलक्रीडा त्याच्याही आधी, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस बंद होतात आणि ऑगस्ट संपेपर्यंत बंदच राहतात. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर समुद्राला नारळ अर्पण होतो आणि नव्या हंगामाची चाहूल लागते. परंतु नारळ अर्पण झाला म्हणजे समुद्र हौशी माणसासाठी तयार झाला, असे मानू नये. सप्टेंबरभर गड आणि कर्ली या नद्या गढूळ पाणी खाली आणत असतात. अशा पाण्यात कृत्रिम आमिष माशाला दिसत नाही आणि लाटाही अजून शांत झालेल्या नसतात.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये पाणी निवळते, पण अरबी समुद्रातील वादळांचा हा एक काळ आहे, हे विसरता कामा नये. नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ आणि ऑक्टोबर २०१९ मधील ‘क्यार’ ही दोन्ही वादळे याच महिन्यांतील होती. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात पहाटेपासून सकाळी उशिरापर्यंत जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि किनाऱ्यालगतचे पाणी बशीसारखे सपाट असते. दुपारी खारा वारा उठला की तेच पाणी छोट्या होडीला त्रास देऊ लागते. खोल समुद्रात जायचे असल्यास पहाटे निघून दुपारच्या आत परतण्याचा येथील रिवाज यामुळेच पडला आहे. एप्रिल-मेमध्येही मासा मिळतो, मात्र ऊन आणि सुट्टीची गर्दी या दोन्ही गोष्टी सोसण्याची तयारी हवी.

मासेमारीशी संबंध नसलेली, तरीही आख्खा बेत उधळू शकणारी एक गोष्ट म्हणजे मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या श्री भराडी देवीची जत्रा. तिची तारीख पंचांगातील तिथीवर ठरत नाही, देवीच्या कौलाने ठरते. बहुधा फेब्रुवारीच्या आसपास येणाऱ्या या जत्रेला लाखो भाविक येतात. त्या आठवड्यात रेल्वेचे आरक्षण आणि राहण्याची खोली या दोन्ही गोष्टी मिळणे दुरापास्त होते. ज्यांना जत्रेचाही लाभ घ्यायचा आहे त्यांनी अवश्य यावे, पण मग मासेमारीला दुय्यम स्थान द्यावे. नाताळ ते नववर्ष या आठवड्याबाबतही हाच सल्ला आहे.

महिना ठरला, दिवस कसा निवडावा?

तिथी पाहून. सुट्टी कधी मिळते यावर दिवस ठरवणारे अनेकजण येथूनच चुकायला सुरुवात करतात. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते, पाणी जोरात चढते आणि जोरात उतरते. दोन्ही पक्षांतील अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि पाण्याची हालचाल मंदावते. खाडीच्या मुखाशी मासा खाद्यावर येतो तो पाणी वाहते असताना. म्हणून खाडीसाठी अमावास्या-पौर्णिमेच्या आधीचे आणि नंतरचे दोन-तीन दिवस चांगले मानले जातात. ऐन उधाणाच्या दिवशी संगमावरील प्रवाह इतका तीव्र होतो की दोरीला लावलेले शिशाचे वजन तळाला टिकत नाही. खोल पाण्यात खडकांवर गळ सोडायचा असेल, तर उलट भांगाचे दिवस सोयीचे पडतात.

भरतीची वेळ काढण्याची जुनी कोकणी रीत आजही उपयोगी आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, याप्रमाणे. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, त्यावर हा हिशेब आधारलेला आहे. हा अंदाज ढोबळ आहे; मालवणची भरती मुंबईच्या थोडी आधी येते आणि तेथील पाण्याचा चढ-उतारही मुंबईच्या मानाने बराच कमी असतो. फोनवर बेत ठरवण्यापुरता पाऊणपटीचा हिशेब पुरतो, होडी ठरवताना मात्र भरती-ओहोटीचा छापील किंवा ऑनलाइन तक्ताच पाहावा.

खाडी, किनारा की खोल समुद्र?

या प्रश्नाचे उत्तर तुमच्या अनुभवावर अवलंबून आहे. आमचे मत विचाराल तर पहिल्या सहलीत किमान एक दिवस खाडीला द्यावा, आणि तोही पहिलाच दिवस.

देवबाग ही जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. तिच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी असून टोकाशी दोन्हींचा संगम होतो. उत्तरेकडे कोळंब, कालावल आणि आचऱ्याच्या खाड्या आहेत. या खाड्यांच्या कडेला कांदळवने आहेत. तिवरांच्या मुळांच्या गुंत्यात, जुन्या खांबांच्या आणि बुडालेल्या खडकांच्या आडोशाला तांबोसा हा मासा दबा धरून बसलेला असतो. तो आमिष घेताच आडोशात परत शिरण्यासाठी धाव घेतो आणि पहिल्या दोन-तीन सेकंदांत त्याला बाहेर खेचता आले नाही तर दोरी कालवांच्या धारेवर कापली जाते. वजनाने जेमतेम किलोभर असलेला तांबोसाही त्यामुळे अनुभवी माणसाची परीक्षा पाहतो. खाडीतला दुसरा मानाचा मासा म्हणजे चोणाक, ज्याला रायगडकडे जिताडा म्हणतात. तो उथळ पाण्यातही येतो आणि गळ लागल्यावर पाण्याबाहेर उसळी घेऊन डोके झटकतो. त्या क्षणी दोरी सैल पडली तर गळ निसटतो. याखेरीज काळुंदर आणि शेंगाळा हे मासे खाडीत मिळतात. शेवटे थव्याने दिसतात, पण गळाला क्वचितच लागतात.

किनाऱ्यावरून मासेमारी करणाऱ्यांसाठी पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, मुडदुशे आणि खडकांवर गोबरा असे ढोबळ विभाजन करता येईल. कर्लीपलीकडे भोगवे आणि त्याच्या दक्षिणेला निवती येथे खडकाळ टोके आहेत. तेथून पहाटे पृष्ठभागावर चालणारे आमिष फेकल्यास ट्रेव्हली आणि बॅराकुडा हे मासे लागण्याची शक्यता असते. जागा सुंदर आहेत, पण निसरड्याही आहेत.

खोल समुद्रात होडी चालती ठेवून मागे आमिष ओढत नेणे ही सुरमई धरण्याची सर्वसाधारण पद्धत. सुरमईला मालवणीत इसवण म्हणतात आणि तिचे दात दोरी सहज कापतात, त्यामुळे तारेचा तुकडा लावावाच लागतो. मोडोसा आणि कुपा हे मासेही याच मोहिमेत मिळू शकतात. निवतीसमोर समुद्रात असलेल्या, दीपगृह असलेल्या खडकांचे नाव अनेकांनी ऐकलेले असते. तेथे जायचे की नाही हे त्या दिवशीच्या वाऱ्यावर तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, ठरवावे, आपण आग्रह धरू नये. आंग्रिया बँकेविषयीही विचारणा होते. ती विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर समुद्रात बुडालेली प्रवाळभूमी आहे आणि एका दिवसाच्या सहलीचा तो विषय नाही.

परवाना लागतो का?

हौशी माणसाने स्वतःच्या परवान्यापेक्षा होडीच्या कागदपत्रांची चिंता अधिक करावी. महाराष्ट्रात सागरी मासेमारीचे नियमन १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमानुसार होते आणि मासेमारी नौकांना मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना घ्यावा लागतो; प्रवासी वाहतुकीची परवानगी महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाच्या कक्षेत येते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मासेमारीचा परवाना असलेली प्रत्येक होडी पर्यटक नेण्यास पात्र असतेच असे नाही, आणि अपघात झाल्यास विम्याचा प्रश्न नेमका येथेच अडतो. होडी ठरवताना ‘प्रवासी नेण्याची परवानगी आहे का, किती माणसांची आहे, आणि तेवढी जीवरक्षक जाकिटे होडीवर आहेत का’ हे तीन प्रश्न स्पष्टपणे विचारावेत. मत्स्यव्यवसाय विभाग आणि मेरिटाइम बोर्ड या दोन्हींची कार्यालये मालवणात आहेत. शंका असल्यास तेथे चौकशी करता येते. प्रत्येकाने आपले मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे, कारण सागरी पोलिसांची गस्त होडी थांबवून विचारणा करू शकते.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास गळ टाकता येईल का?

टाकू नये. किल्ला आणि पद्मगडाच्या परिसरातील समुद्र मालवण सागरी अभयारण्यात मोडतो. १९८७ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून त्यातील सुमारे ३ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र आहे. येथील प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. तळाला अडकलेला गळ ओढून काढताना प्रवाळ मोडतो आणि तुटलेली नायलॉनची दोरी वर्षानुवर्षे तेथेच राहते. पारंपरिक मच्छीमार या भागात वावरताना दिसतात. परंतु त्यांचे तेथील हक्क हा स्थानिक पातळीवर दीर्घकाळ चर्चेत असलेला प्रश्न आहे आणि पर्यटकाने त्याचा दाखला देऊन आपली सोय पाहणे योग्य नाही. हद्दीविषयी खात्री नसल्यास वन विभागाकडे विचारावे.

मालवणला कसे पोहोचावे आणि रॉड कसे न्यावेत?

मालवणला रेल्वे स्थानक नाही. कोकण रेल्वेवरील कुडाळ हे स्थानक सोयीचे असून तेथून मालवण सुमारे ३० किलोमीटर आहे. कणकवली आणि सिंधुदुर्गनगरी हेही पर्याय आहेत. कोकणकन्या, मांडवी, तुतारी आणि जनशताब्दी या गाड्या कुडाळला थांबतात. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते आणि सुट्टीच्या दिवसांचे लगेच संपते. मुंबईहून मोटारीने आल्यास राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून कसाल येथे मालवणकडे वळावे. पुणे-कोल्हापूरकडून येणाऱ्यांना फोंडा घाट उतरून कणकवलीला येता येते. विमानाने यायचे असल्यास चिपीचा विमानतळ सर्वांत जवळ आहे, पण तेथील सेवा अनियमित राहिली आहे. गोव्यातील मोपा विमानतळ अधिक भरवशाचा.

दोन-तीन तुकड्यांत सुटणारा रॉड कठीण नळीत घालून आणावा. रेल्वेत ही नळी बर्थखाली आडवी मावते. विमानात गळ, सुरी आणि पक्कड हातातील सामानात चालत नाहीत, ते सर्व चेक-इन सामानात द्यावे. सहा-सात फुटांचा अखंड रॉड आणण्याचा हट्ट करू नये.

राहण्याची सोय कोठे करावी?

मासेमारी मुख्य असेल तर देवबागला, बाजार आणि बसस्थानक जवळ हवे असेल तर मालवण शहरात. देवबाग-तारकर्लीतील घरगुती निवासांचा मोठा फायदा असा की, तुम्ही धरलेला मासा तेथे बहुधा रांधून मिळतो आणि पहाटे चार वाजता चहा मागितला तरी कोणाला नवल वाटत नाही. अनेकदा घरमालकाच्याच कुटुंबात होडी असते.

कोणते साहित्य आणावे?

खाडीसाठी सात फुटांच्या आसपासचा मध्यम ताकदीचा रॉड, ३००० ते ४००० आकाराचे स्पिनिंग रीळ, वीस ते तीस पौंडांची विणलेली दोरी आणि तिच्या टोकाला चाळीस पौंडांच्या फ्लुरोकार्बन दोरीचा तुकडा एवढे पुरते. किनाऱ्यावरून लांब फेकायचे असल्यास रॉड नऊ-दहा फुटांचा हवा. मोठ्या ट्रेव्हलीसाठी लागणारे जड साहित्य पहिल्या सहलीत विकत घेण्याची गरज नाही. आधी एकदा तो मासा कोणाच्या तरी रॉडवर लागलेला पाहावा आणि मग खर्चाचा निर्णय घ्यावा.

कृत्रिम आमिषांनी भरलेली पेटी आणणाऱ्यांनाही जिवंत कोळंबीचे महत्त्व येथे आल्यावर कळते. मालवणीत तिला सुंगट म्हणतात. ती गळाला लावण्याची एक पद्धत आहे: कोळंबीच्या डोक्यात आरपार दिसणाऱ्या कवचाखाली एक काळसर ठिपका असतो. त्या ठिपक्याला धक्का न लावता त्याच्या पुढे, डोक्यावरील काटेरी शिंगाच्या मुळाशी गळाचे टोक आडवे घालायचे. ठिपका टोचला गेला तर कोळंबी तत्काळ मरते. नीट लावलेली कोळंबी बराच वेळ पाय हलवत राहते आणि मागच्या मागे उड्या मारते, ज्याला तांबोसा सहसा नाही म्हणत नाही. कोळंबी ताजी मिळावी म्हणून होडीवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे.

रोज संध्याकाळी रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवावे. जोराच्या फवाऱ्याने मीठ उलट आत ढकलले जाते.

खर्चाचा अंदाज कसा बांधावा?

भाडे माणशी नव्हे, तर होडीमागे आणि वेळेमागे ठरते, आणि त्यातला मोठा वाटा इंधनाचा असतो. त्यामुळे खाडीतील अर्धा दिवस स्वस्त पडतो आणि खोल समुद्रातील पूर्ण दिवस त्याच्या कितीतरी पट महाग. इंधन, आमिष, बर्फ, जेवण आणि साहित्याचे भाडे यांपैकी काय समाविष्ट आहे हे आधी लिहून घ्यावे, फोनवरील संदेश पुरतो. घासाघीस करण्यापेक्षा दोन-तीन जणांनी मिळून होडी घेणे चांगले. मात्र छोट्या होडीत एका वेळी तिघांपेक्षा अधिक रॉड चालले की दोऱ्या एकमेकींत अडकतात आणि निम्मा वेळ त्या सोडवण्यात जातो.

स्थानिक मच्छीमारांची नाराजी ओढवू नये म्हणून काय पाळावे?

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ही जुनी सामुदायिक पद्धत अजून टिकून आहे. होडीने जाळे अर्धवर्तुळात टाकून दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढतात आणि मिळालेल्या मासळीची वाटणी होते. गेली अनेक वर्षे हे रापणकर आणि छोटे पारंपरिक मच्छीमार पर्ससीन (थव्याला वेढून तळाशी आवळल्या जाणाऱ्या मोठ्या) जाळ्यांविरुद्ध आणि प्रखर एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध झगडत आले आहेत. राज्य शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले आणि केंद्राने २०१७ मध्ये दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली, तरी तक्रारी संपलेल्या नाहीत. समुद्रातून मासा कमी होत असल्याची झळ ज्यांना रोज लागते, त्यांच्यासमोर पर्यटकाने वागताना थोडे भान ठेवणे अपेक्षित आहे.

म्हणजे काय, तर रापण ओढली जात असताना तिच्या कक्षेत गळ फेकू नये, तरंगत्या बोयांना आणि जाळ्यांना होडी लावू नये, आणि पकडलेला मासा कधीही विकू नये. सायंकाळी किनाऱ्यावर होणारा मासळीचा लिलाव अवश्य पाहावा, पण ग्राहक म्हणून. रापणीला हात लावायचा असेल तर आधी विचारावे. बहुतेक वेळा हसून दोर हाती दिला जातो.

धरलेला मासा ठेवावा की सोडावा?

त्या दिवशी ताटात पडेल तेवढा ठेवावा, बाकी सोडावा. राज्यात पन्नासहून अधिक जातींच्या माशांसाठी किमान आकारमान ठरवून दिलेले आहे. सुरमईसाठी ते ३७० मिलिमीटर आहे. त्याहून लहान मासा ठेवू नये. पण केवळ लहान मासे सोडणे पुरेसे नाही. चोणाक आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे छायाचित्रासाठी सर्वांना हवाहवासा वाटणारा मोठा चोणाक ही बहुधा अंडी देणारी मादी असते. गोबऱ्याचे नेमके उलट आहे: तो आधी मादी असतो आणि मोठेपणी नर होतो. दोन्ही बाबतींत सर्वांत मोठे मासे मारले की प्रजननाचा तोल बिघडतो.

सोडायच्या माशाला ओल्या हातांनी धरावे, कल्ल्यांत बोटे घालू नयेत, गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाकावा आणि मासा शक्य तितका वेळ पाण्यातच ठेवावा. खोल पाण्यातून झटकन वर आणलेल्या गोबऱ्याचे पोट हवेने फुगते आणि तो नुसता सोडला तर तरंगत राहतो. खोल खडकांवर दोन-चार गोबरे मिळाल्यावर जागा बदलणे म्हणूनच बरे. समुद्री कासव गळाला लागल्यास दोरी ओढू नये. त्याला आधार देऊन गळ काढावा आणि ते शक्य नसेल तर दोरी तोंडाजवळ कापावी. कासव वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे.

कोणते धोके प्रत्यक्षात संभवतात?

शार्कचा नाही, जो सर्वाधिक विचारला जातो. शेंगाळ्याच्या पाठीवरील आणि कल्ल्यांमागील काटे विषारी असतात आणि गळ काढताना ते हातात घुसण्याचे प्रकार सर्रास होतात. तसे झाल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात, नंतर डॉक्टरांना दाखवावे. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून न टाकता सरपटत न्यावेत, म्हणजे वाळूत दडलेले पाकट (शेपटीवर काटा असलेला चपटा मासा) आधीच दूर होते. समुद्री साप गळाला किंवा जाळ्यात आलेले दिसतात. ते विषारी असून त्यांना हात लावू नये, दोरी कापून मोकळे व्हावे. दंश झाल्यास वेदना नसली तरी तत्काळ रुग्णालयात जावे.

याहून मोठा धोका देवबाग संगमावरील ओहोटीच्या प्रवाहाचा आहे. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून गळ टाकणारा माणूस पाणी उतरू लागताच ओढला जाऊ शकतो. तेथे पाण्यात उतरूच नये. जीवरक्षक जाकीट होडी सुटण्यापूर्वी अंगात हवे, बाकाखाली नव्हे. तटरक्षक दलाचा समुद्रातील आपत्कालीन क्रमांक १५५४ आणि रुग्णवाहिकेचा १०८ फोनमध्ये नोंदवून ठेवावा.

मुलांना किंवा पूर्णपणे नवख्या माणसांना नेता येईल का?

खाडीत अवश्य, खोल समुद्रात नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध निघण्याच्या तासभर आधी घ्यावे. उलटी सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग होत नाही. छोट्या होडीवर शौचालय नसते, ही बाब कोणी आपणहून सांगत नाही.

हवामान बिघडले किंवा मासाच मिळाला नाही तर पैसे परत मिळतात का?

मासा न मिळणे हे परताव्याचे कारण होऊ शकत नाही. हवामानामुळे होडी सुटलीच नाही तर आगाऊ रक्कम परत मिळणार की दिवस पुढे ढकलला जाणार, हे आधी ठरवावे. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेकडून लाटा आणि वाऱ्याचा अंदाज रोज प्रसिद्ध होतो. निघण्याच्या तीन-चार दिवस आधीपासून तो पाहत जावा. बेतात एक मोकळा दिवस ठेवणे हा यावरचा खरा उपाय आहे. तांडेलाने ‘आज नको’ म्हटल्यावर दुसऱ्या होडीचा शोध घेऊ नये. त्या दिवशी कालावलच्या खाडीत वाऱ्याचा आडोसा असतो, तेथे काठावरून काळुंदरासाठी गळ टाकता येतो, आणि त्यासाठी आदल्या दिवसाची उरलेली कोळंबी बर्फात ठेवलेली असली म्हणजे झाले.